दुसरा संसार आणि देवघर

बाबा पद्मनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झालं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बहुतेक अभ्यासक याच पुस्तकाचं नाव घेतात. त्यातली यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, ठिकठिकाणच्या विधवांचे हाल बघते, पुढे स्वतःच विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुन्हा लग्न करते. म्हणजे जोडीदार गेल्यानंतरचा संसार आणि त्यामागची श्रद्धा या विषयानेच मराठी कादंबरीने डोळे उघडले. नंतरच्या दीडशेहून अधिक वर्षांत विधवेच्या दुःखावर आपण पुष्कळ लिहिलं. पण एकादशी करणाऱ्या, तालुक्याच्या गावात राहणाऱ्या, नवऱ्यावर मनापासून प्रेम केलेल्या बाईला पुन्हा कुणाविषयी ओढ वाटते, ही गोष्ट आपण सविस्तर आणि आदराने क्वचितच सांगितली. ती सांगायला हवी. आणि ती सांगताना नायिकेला आधी देवापासून तोडण्याची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे.

इंग्रजीत अशा कादंबऱ्यांचा एक वेगळा वाचकवर्गच आहे. जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ १९७९ साली आली. पश्चिमेकडे नवी जमीन शोधायला निघालेल्या मार्टीचा नवरा अचानक दगावतो. ती गरोदर आहे, ओळखीचं कुणी नाही, हिवाळा तोंडावर आलेला. क्लार्क नावाचा विधुर तिला सरळ विचारतो की माझ्या लहान मुलीला आई हवी आहे, तुला निवारा हवा आहे, तर लग्न करू. प्रेम पुढे येतं, सावकाश, चुलीपाशी आणि प्रार्थनेच्या वेळी. अशा कथांना इतका वाचक मिळत गेला की १९९७ मध्ये हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थेने श्रद्धाळू वाचकांसाठी ‘लव्ह इन्स्पायर्ड’ ही प्रेमकथांची स्वतंत्र मालिका सुरू केली. छोटं गाव, मधोमध चर्च, सगळ्यांना सगळ्यांची खबर, आणि परत आलेला किंवा नव्याने आलेला एक माणूस, हा तिचा ठरलेला मुलूख.

या प्रकारात दोष आहेत आणि ते किरकोळ नाहीत. दुःख फार लवकर निवळतं. गाव गरजेपेक्षा जास्त प्रेमळ असतं. गेलेल्या नवऱ्याला पुष्कळदा असं रंगवलेलं असतं की त्याची आठवण नव्या माणसाच्या आड येऊच नये. पण या कादंबऱ्या एक काम करतात, जे आपल्याकडच्या थोर कादंबऱ्यांनीही फारसं केलेलं नाही. ‘मी इतकी विनवणी केली, तरी तू त्याला का नेलंस?’ हा प्रश्न त्या नायिकेला देवासमोर विचारू देतात. ती रागावते, प्रार्थना सोडते, पुन्हा सुरू करते. तिचं देवाशी असलेलं भांडण आणि नव्या माणसाकडे ओढलं जाणारं मन यांची गोष्ट एकत्रच चालते. श्रद्धाळू माणसाचं आयुष्य तसंच असतं, म्हणून वाचकाला ते खरं वाटतं.

या सगळ्या कथांची आजी म्हणजे बायबलातली रूथ. मवाब देशातली ही तरुण विधवा, तिची सासू नामी हिच्याबरोबर बेथलेहेमला येते. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी गावातल्या बायांना म्हणते की मला आता नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू. देवाने माझं आयुष्य कडू करून टाकलं. रूथ कापणीच्या शेतात मागे पडलेली कणसं वेचते, शेताचा मालक बवाज तिला बघतो, आणि या दोघांचं जुळावं म्हणून खटपट करते ती सासूच. लग्न होतं, मूल होतं, तेव्हा गावातल्या बाया म्हणतात, नामीला मुलगा झाला. दुसऱ्या लग्नाचं मूल पहिल्या नवऱ्याच्या आईच्या मांडीवर. बवाजही वेशीवर जाहीरपणे सांगतो की गेलेल्याचं नाव त्याच्या वतनातून पुसलं जाऊ नये म्हणून मी हे करतो आहे. इथे मेलेल्या माणसाला बाजूला सारून कुणी सुखी झालेलं नाही. त्याला घरात ठेवूनच नवं घर उभं राहिलं आहे. मला ही गोष्ट परकी वाटत नाही. सुनेला मुलगी मानून तिचं कन्यादान करणाऱ्या सासू-सासऱ्यांच्या बातम्या आता आपल्याकडच्या जिल्ह्यांतूनही येतात.

आपल्याकडे ही गोष्ट का जमली नाही, याचं एक कारण इतिहासात आहे आणि त्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांसमोरची विधवा पुष्कळदा बालविधवा होती. धोंडो केशव कर्व्यांशी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात ज्यांचं लग्न झालं, त्या गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झाल्या होत्या, लग्नाला काही महिनेही झाले नसताना. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. नवरा म्हणून ज्याला ओळखलंच नाही, त्याच्यासाठी शोक कसला करायचा? त्यांच्यावर लादलं गेलं होतं ते नुसतं वैधव्य. म्हणून त्या काळचा सारा लढा सुटकेचा होता: केशवपनातून सुटका, अंधाऱ्या माजघरातून सुटका. तो लढा न्याय्य होता आणि फार महाग पडला. मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला, त्यांच्या घरच्यांनाही ते भोगावं लागलं. खरा शोक त्या लग्नात कर्व्यांचा होता. त्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेली होती आणि पदरात लहान रघुनाथ होता. त्या घरातली गोदूबाईंची, म्हणजे पुढे ‘बाया’ नावाने ओळखल्या गेलेल्या आनंदीबाई कर्वे यांची, हकीकत वाचायची असेल तर त्यांचं ‘माझे पुराण’ वाचावं.

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ची नायिकाही यमुनाच. पद्मनजींच्या यमुनेला धर्म बदलून दुसरं लग्न मिळालं. हरिभाऊंच्या यमूला केशवपन आणि मरण मिळालं. १८९० नंतर ज्या घरांत ‘करमणूक’ हे हरिभाऊंचं साप्ताहिक वाचलं जात होतं, तिथे या कादंबरीने लोकांना रडवलं आणि लाज वाटायला लावली. ते हरिभाऊंचं मोठेपण. पण या दोन यमुनांनी मराठी कल्पनेला दोनच वाटा दाखवल्या. एक तर परंपरेतून बाहेर पडा, नाही तर परंपरेत मरा. परंपरेत राहून, त्याच गावात, त्याच ग्रामदैवतासमोर पुन्हा जगायला लागणारी तिसरी यमुना कुणी लिहायची?

आजची विधवा पस्तिशीची असते, चाळिशीची असते. नवरा अपघातात गेलेला, कोरोनात गेलेला, कर्जापायी त्याने जीव दिलेला, कावीळ किंवा दारूने नेलेला. दहा-पंधरा वर्षांचा संसार झालेला. तिला त्याच्या खोकल्याचा आवाज आठवतो, त्याला भाजीत काय चालत नव्हतं ते आठवतं, भांडणंही आठवतात. तिला सुटका नको आहे, निदान तेवढीच नको आहे. तिला ठाऊक करून घ्यायचं आहे की त्याच्यावरचं प्रेम संपलेलं नसताना दुसऱ्या कुणाची वाट बघणं हे पाप आहे का. या प्रश्नाला सुधारकांची भाषा पुरत नाही. ‘तुला हक्क आहे’ हे तिला पटतं, पण रात्री झोप लागत नाही ती हक्क नसल्यामुळे नसते.

आणि हा प्रश्न ती विचारते कुणाला? देवालाच. नवरा गेल्यावर आजूबाजूची माणसं तिला एकच सल्ला देतात, आता मुलांकडे बघ आणि देवाधर्मात मन रमव. म्हणजे उरलेलं आयुष्य घालवण्याची सोय म्हणून देव. त्याच वेळी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावत नाहीत, वटपौर्णिमेला ती घरात थांबते, मुलीच्या लग्नात बोहल्याजवळ जायला कचरते. देव तिच्यासाठी राखून ठेवायचा आणि देवाभोवतीची माणसं मात्र काढून घ्यायची, हा आपला व्यवहार. माझ्या दृष्टीने आपल्या धर्मजीवनातली ही सर्वांत क्रूर गोष्ट आहे, कारण ती मायेच्या स्वरात केली जाते.

इथे आगरकरांच्या परंपरेतले माझे स्नेही म्हणतील, मग श्रद्धेचं नाव तरी कशाला? ज्या धर्माने तिला कोपऱ्यात बसवलं त्याच्याकडूनच तिने परवानगी का मागावी? या आक्षेपाबद्दल मला आदर आहे. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे पुनर्विवाहाला शास्त्राधार आहे की नाही यावर मोठा वाद झाला, विष्णुशास्त्री पंडितांच्या बाजूने पराशरस्मृतीचं वचन मांडलं गेलं, आणि निकाल सुधारकांच्या विरुद्ध लागला. शास्त्र्यांच्या दारात न्याय मागून काय मिळतं ते तेव्हाच दिसलं. पण मी शास्त्र्यांच्या दाराविषयी बोलत नाही. मी त्या बाईच्या स्वतःच्या देवघराविषयी बोलते आहे. तिथे शंकराचार्य नसतात. तिथे ती असते, अन्नपूर्णा असते, बाळकृष्ण असतो, आणि तिच्या आजीकडून आलेले अभंग असतात. ते सगळं फेकून दे, मग तू प्रेमाला पात्र होशील, असं सांगणारी कादंबरी तिच्यासाठी लिहिलेलीच नसते. ती वाचनालयातून असं पुस्तक आणते, दहा पानं वाचते आणि परत करते.

आणि आपल्या भक्तीच्या भाषेला ओढीची लाज कधीच वाटली नाही. ज्ञानदेवांच्या विराणीत ‘घनु वाजे घुणघुणा, वारा वाहे रुणझुणा’ म्हणणारी विरहिणी पुढे म्हणते, ‘चंदनाची चोळी, माझे सर्व अंग पोळी’. ही विठ्ठलाची भक्ती आहे आणि ती अंगाने बोलते. हे अभंग सोवळ्यातल्या आज्यांनी म्हटले आहेत, कीर्तनातून गावांनी ऐकले आहेत. तळमळ देवाला सांगता येते, ती त्याला चालते, एवढं तरी आपली परंपरा मान्य करते. वारीत तर डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बाईला तिचा नवरा आहे की नाही हे कुणी विचारत नाही. तालुक्याच्या गावातल्या प्रेमकथेला यापेक्षा चांगली भूमी कुठे मिळणार?

सनातनी आक्षेप वेगळा आहे आणि साहित्याच्या दृष्टीने तो जास्त कसदार आहे. ख्रिस्ती विवाहाची शपथ मरणापाशी संपते. पौलाच्या पत्रांत स्पष्ट लिहिलं आहे की नवरा मेल्यावर बाई मोकळी. मुसलमान विधवेला इद्दतचे चार महिने दहा दिवस पाळायचे असतात आणि मग वाट खुली होते; पैगंबरांच्या पहिल्या पत्नी खदीजा स्वतः विधवा होत्या. आपल्याकडे मात्र वडाला गुंडाळलेला दोरा सात जन्मांचा. मरणही तो तोडत नाही. म्हणून इंग्रजी कादंबरीचा साचा उचलून आपल्या गावात ठेवता येणार नाही. तिथल्या नायिकेपुढे देवाने अन्याय केला का हा प्रश्न असतो. आपल्या नायिकेपुढे त्याच्या जोडीला आणखी एक असतो, पुढच्या जन्मी मी कुणाची? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ती बाई तो खरोखर मनात घोळवते. चांगल्या लेखकाच्या हातात त्यातून एक पूर्ण प्रकरण निघेल.

गंमत अशी की पुरुषाच्या दुसऱ्या लग्नात मेलेल्या बायकोला कुठे ठेवायचं, याची सोय लोकधर्माने कधीच करून ठेवली होती. अनेक समाजांत दुसरेपणाची बायको पहिलीचा टाक गळ्यात घालत असे. पितृपक्षातल्या अविधवा नवमीला, अहेवपणी गेलेल्या पहिलीच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, तर स्वयंपाक बहुधा दुसरीच रांधायची. यात भीती होती, सवतीचा त्रास होऊ नये ही धास्ती होती, हे खरं. पण मेलेल्या माणसाला नव्या घरात पाट मांडला जात होता हेही खरं. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला असं काही लाभलं नाही. शेतकरी आणि कारागीर जातींत विधवेचा ‘पाट’ लागत असे, म्हणजे दुसरं लग्न, तोही रात्रीचा, वाजंत्री नाही, सवाष्णी लांब. उच्चवर्णीय सुधारकांनी जे मोठ्या हिमतीने मिळवलं ते या समाजांत आधीपासून होतं, एवढं अभिमानाने सांगितलं जातं. त्या अंधाराविषयी कमी बोललं जातं.

मग आपल्या कादंबरीत एक दिवस असा यावा. भाद्रपद वद्य पक्षातली पहिल्या नवऱ्याची तिथी. मुलगा दहा-अकरा वर्षांचा, पिंडाला बसायचा. भटजी विचारतात, सोबत कोण? आणि आईचा नवा नवरा, ज्याचा त्या मेलेल्या माणसाशी काही संबंध नाही, तो पोराच्या शेजारी बसतो. सासू दारात उभी. असा प्रसंग लिहिणाऱ्या लेखकाला धर्माची बाजू घ्यायची नसते किंवा धर्माविरुद्ध निकाल द्यायचा नसतो. त्या विधीत आजवर न मावलेला माणूस त्याला मावून दाखवायचा असतो. धर्म बदलतो तो बहुतेक वेळा असाच, कुणीतरी आधी शेजारी बसून टाकल्यामुळे.

कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, ग्रामपंचायतीचा ठराव करून विधवा प्रथा बंद केली. नवऱ्याच्या अंत्यविधीच्या वेळी कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितला. हे मोठं काम झालं. ठराव हात धरू शकतो, बांगडी फोडू देत नाही. पण सहा महिन्यांनी त्याच बाईने हिरव्या बांगड्या भरल्या, बाजारात कुणाशी दोन शब्द हसून बोलली, तर गाव तिच्याकडे कसं बघेल, ते ठरावात लिहिता येत नाही. ती नजर गोष्टींनी घडते. गावाने ऐकलेल्या, वाचलेल्या, टीव्हीवर बघितलेल्या गोष्टींनी. तिथे आजवर एक तर त्यागमूर्ती आहे किंवा घर बिघडवणारी. मधली बाई गोष्टीतच नाही, मग गावाला ती ओळखू कशी येणार?

‘प्रेमकथा ही हलकी गोष्ट’ या साहित्यिक कुरकुरीला मी फार किंमत देत नाही. तालुक्याची वाचनालयं कुणाच्या जिवावर चालतात ते ग्रंथपालांना विचारा. दुपारी पिशवी घेऊन येणाऱ्या बाया कादंबऱ्या नेतात. त्यांच्यासाठी मनापासून लिहिणं कमीपणाचं मानलं, म्हणून ती जागा टीव्ही मालिकांनी घेतली.

खरी काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची आहे. श्रद्धेची प्रेमकथा सहज प्रचार होऊ शकते. पद्मनजींच्या कादंबरीत दुसरं लग्न धर्मांतराच्या वाटेने येतं. आजच्या इंग्रजी मालिकांतही नायक सश्रद्ध ख्रिस्ती होईपर्यंत लग्न अडून राहतं. मराठीत असं पुस्तक निघालं तर देव प्रसन्न झाला, योग जुळला, कुलस्वामिनीने कौल दिला आणि सगळं गोड झालं, असा शेवट करण्याचा मोह फार होईल. त्या योगामागे जमीन असते, हे लपून जाईल. १८५६ च्या पुनर्विवाह कायद्याने विधवेला लग्नाची मुभा दिली, पण त्यातल्या दुसऱ्या कलमाने पुन्हा लग्न करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर वारशाने मिळालेली मालमत्ता तिची स्वतःची झाली, आणि तो जुना कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. गावात मात्र अजून दीर म्हणतो, जायचं तर जा, सातबाऱ्यावरचं नाव काढून जा, पोरं इथे राहतील. अनेक बायांचं दुसरं प्रेम या एका वाक्यापाशी थांबतं.

आणि जात. विधवा-विधुरांचे परिचय मेळावे भरतात ते समाजाचे, म्हणजे जातीचे. तिथे दोन थकलेली, भली माणसं भेटू शकतात, मी त्यांना कमी लेखत नाही. पण छोट्या गावात ओढ मेळाव्यात निर्माण होत नाही. ती बँकेच्या रांगेत, शाळेच्या पालकसभेत, दवाखान्याच्या बाकावर, दिंडीच्या मुक्कामावर होते, आणि तिथे बाजूला बसलेला माणूस आपल्यातला असेलच असं नाही. विठ्ठलाला हे चालतं असं आपण सातशे वर्षं गातो आहोत. कादंबरीतल्या गावाला ते चालतं का, सासूला चालतं का, आणि स्वतः नायिकेला, जी इतकी देवभक्त आहे, तिला चालतं का, हे कादंबरीने विचारलंच पाहिजे. इंग्रजी मालिकांच्या गोड गावांत असे प्रश्न वेशीबाहेर ठेवता येतात, नायकाचं नुसतं पहिलं नाव सांगून भागतं. मराठी लेखकाने दोघांचीही आडनावं पहिल्याच प्रकरणात लिहावीत.